साताऱ्यातून ध्रुव तारा कसा शोधायचा (सगळ्यात चमकणारा तो नव्हे!)

एप्रिल-मेमधली अमावस्येच्या जवळची रात्र, साडेआठ-नऊला गच्चीवर. अजिंक्यतारा किल्ल्याकडं पाठ केली की तोंड उत्तरेला. मोबाईल खिशात, वीस मिनिटं अंधारात काढा.

सप्तर्षी लहान पोरगंही दाखवेल, चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपूट. आमची आजी म्हणायची म्हातारीची खाट आणि ती पळवणारे तीन चोर.

आता ध्रुव. गंडतात ते इथंच. "उत्तरेला सगळ्यात तेजस्वी तो ध्रुव" असं कुणी सांगितलं तर त्याला लांबूनच हात जोडा, चमकण्यात ध्रुव पहिल्या चाळीसातपण येत नाही. मी दोन उन्हाळे वायव्येच्या ब्रह्महृदय नावाच्या ताऱ्यालाच ध्रुव म्हणून सगळ्यांना दाखवत होतो, भाच्याला गोष्टपण रंगवून सांगितली, सुरुचीनं सावत्र पोराला उत्तानपाद राजाच्या मांडीवर बसू दिलं नाही, पोरगं तपाला गेलं, देवानं अढळपद दिलं, सप्तर्षी त्याला प्रदक्षिणा घालतात वगैरे, आणि साडेदहाला भाचा म्हणतो, "मामा, तुझा अढळ तारा डोंगराकडं निघाला की!"

तर नीट ऐका. शेपटीच्या विरुद्ध बाजूचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. या दिवसांत खाट उलटी असते, त्यामुळं पुलह वर, क्रतू खाली. पुलहाकडून क्रतूकडं रेघ ओढा आणि तशीच खाली न्या, दोघांतल्या अंतराच्या पाचपट. नेटवरची चित्रं बहुतेक युरोपातली, तिथं ध्रुव अर्ध्या आभाळात असतो, तेवढ्या वर बघत बसाल तर मान मोडेल. आपला अक्षांश साडेसतराच्या वर थोडा, म्हणून ध्रुवपण क्षितिजापासून तेवढेच अंश वर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, मुठीवर मूठ ठेवा, दुसरी पुरी भरायच्या आत तो सापडतो. समोर उंच बिल्डिंग असेल तर दुसऱ्याची गच्ची बघा. उजवीकडं जरा वर तेवढाच चमकणारा एक आहे, ध्रुवाच्याच तारकासमूहातला, म्हणजे ध्रुवमत्स्यातला, पण तो नाही!

खात्री करायची तर टाकीच्या पाइपच्या टोकाशी तारा जुळवा, पायाखाली खडूनं खूण करा, तासाभरानं तिथंच उभं राहून बघा. सप्तर्षी डावीकडं सरकलेले, ध्रुव पाइपलाच.

हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी नसतात, तेव्हा एम अक्षरासारखा शर्मिष्ठा तारकासमूह वापरा.

शेपटीतला मधला तो वसिष्ठ, त्याला चिकटलेली बारीक अरुंधती. लग्नात भटजी भर दुपारी मांडवाच्या कापडाकडं बोट करून दाखवतात ना, तीच.