कोकणच्या खाऱ्या हवेत जहाजाचे ब्लॉक कसे रंगवावेत

माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ २० एप्रिल २०१५ ला पाण्यात उतरली आणि २१ नोव्हेंबर २०२१ ला नौदलात दाखल झाली. त्याच मालिकेतली ‘सुरत’ १७ मे २०२२ ला पाण्यात उतरली आणि १५ जानेवारी २०२५ ला, ‘निलगिरी’ फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ पाणबुडी यांच्याबरोबर एकाच दिवशी ताफ्यात आली. काळ बराच घटला, तरी जलावतरण आणि निशाण चढणं यांत अडीच वर्षांहून जास्त गेलीच. ब्लॉक, म्हणजे जहाजाचे सुटे बांधलेले मोठे तुकडे, जमिनीवर असतानाच त्यांतल्या ज्या टाक्या रंगवल्या जातात, त्यांचा रंग जहाज सेवेत येतं त्या दिवशीच काही वर्षं जुना असतो. त्यानंतर त्याच रंगावर पंचवीस-तीस वर्षं काढायची असतात. दुहेरी तळाच्या टाकीत माणूस वाकून, कधी सरपटत शिरतो. तिथे पुन्हा ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कठीण कण मारून पत्रा साफ करणं) करायची वेळ आणू नये, एवढ्यासाठी ही सगळी मेहनत.

खाडीकाठच्या यार्डांत आणि मुंबईच्या गोद्यांत ब्लास्टिंग-पेंटिंगवर नव्याने लागणाऱ्यांना उपयोगी पडेल असं हे टिपण आहे. यातले बरेच आकडे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये बॅलास्ट टाक्यांच्या (जहाज स्थिर ठेवायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाक्यांच्या) रंगासाठी ठरवलेल्या मानकातले आहेत. ते मानक व्यापारी जहाजांसाठी आहे. युद्धनौकेला नौदलाचं स्वतःचं तपशीलपत्रक लागू असतं आणि अंतिम शब्द त्याचाच. पण गंज दोन्हीकडे सारखाच चढतो.

आधी ग्राइंडर

रंगाचं काम डबा उघडल्यावर सुरू होतं असं समजू नका. कटिंगनंतर प्लेटची धार जशीच्या तशी राहिली, तर तिथे रंग टिकत नाही. ओला रंग पृष्ठताणामुळे टोकदार कडेवरून मागे ओढला जातो. सपाट भागावर ३०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरले असले, तरी धारेवर त्याच्या निम्मेही उरत नाहीत, आणि टाकीतला गंज नेमका तिथून सुरू होतो. म्हणून मोकळी कड किमान २ मिमी त्रिज्येची गोल करायची किंवा तिच्यावर ग्राइंडरचे तीन हात मारायचे: एक वरून, एक खालून, एक मधल्या कोनावर. बोट फिरवून पाहा. हातमोजा अडकला तर कड अजून झालेली नाही.

वेल्डिंगचे शिंतोडे चिपिंग करून काढा. अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) आणि उघडी छिद्रं दिसली तर वेल्डरला परत बोलवा, पुट्टी भरून झाकू नका. वेल्डच्या सीमच्या दोन्ही बाजूंचा शॉप प्रायमर (प्लेटवर आधीच लावलेला पातळ, तात्पुरता थर) उष्णतेने जळून पांढुरका झालेला असतो, तो पूर्ण काढायचा. स्टिफनरखालच्या (पत्र्याला मजबुती देणाऱ्या पट्ट्यांखालच्या) अर्धगोल खाचांत, ज्यांना आपण रॅट होल म्हणतो, ग्राइंडर नीट जात नाही. तिथे पेन्सिल ग्राइंडर लावा. पुढे सगळ्यात जास्त तक्रारी याच जागेवरून येतात.

मीठ दिसत नाही, मोजावं लागतं

कोकणात दुपारी खारे वारे सुरू झाले की यार्डातल्या प्रत्येक उघड्या पत्र्यावर मिठाचा थर बसत राहतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्याकडे कितीतरी रात्री आर्द्रता याच्या वर असते. संध्याकाळी चांदीसारखा सोडलेला पत्रा सकाळी पिवळा दिसतो, त्याचं कारण हेच. आणि हे मीठ रंगाखाली राहिलं, तर ते रंगाच्या थरातून पाणी आत खेचतं. मग फोड येतात. फोड फोडला की आत पाणी सापडतं, आणि तोवर स्टील खाल्लं गेलेलं असतं.

ब्लास्टिंगने गंज जातो, मीठ पुरतं जात नाही. उलट खड्ड्यांत ठोकलं जातं. त्यामुळे आधी तेल-ग्रीस डिटर्जंटने काढा, मग उच्चदाबाच्या गोड्या पाण्याने धुवा आणि त्यानंतर ब्लास्टिंग करा. इथे कोकणातली एक खास अडचण आहे. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं पाणी मार्च-एप्रिलपासून मचूळ होतं. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ चोळणं. टँकर आला की पाइप जोडण्याआधी वाहकता मीटर पाण्यात बुडवून बघा आणि आकडा वहीत लिहा.

ब्लास्टिंगनंतर ब्रेसल पॅच (पत्र्यावरचं मीठ मोजायचा, मध्ये पोकळी असलेला चिकट तुकडा) लावा. पॅच १२.५ चौरस सेंटिमीटरचा असतो. १५ मिली शुद्ध पाण्याची वाहकता आधी मोजा. त्यातलं थोडं पाणी सिरिंजने पॅचमध्ये सोडा, काही वेळा आत-बाहेर ओढा, परत त्याच पाण्यात मिसळा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक गुणिले ६ म्हणजे दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम क्षार ते कळतं. मर्यादा ५० ची आहे. मीटर ३ वरून १० मायक्रोसीमेन्सवर गेला तर ७ गुणिले ६, म्हणजे ४२: चालेल. ३ वरून १३ वर गेला तर ६०: पुन्हा धुवा, पुन्हा ब्लास्ट करा. पॅच कायम सोयीच्या उभ्या भिंतीवर लावू नका. टाकीच्या तळाला, आडव्या पत्र्यावर, जिथे पाणी साचून वाळलं असेल तिथे लावा.

ब्लास्टिंगसाठी समुद्राची किंवा नदीची वाळू कधीही वापरू नका. तिच्यातल्या सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसं कायमची निकामी होतात. किनाऱ्यावरच्या वाळूत तर मीठही असतं. स्टील ग्रिट, गार्नेट किंवा कॉपर स्लॅग घ्या. नोझलवर ७ बार दाब हवा. कंप्रेसरच्या काट्यावरचा आकडा धरू नका, लांब होसमध्ये दाब पडतो. हवा कोरडी आहे का हे पाहायला नोझलपुढे मिनिटभर पांढरं कापड धरा. ओलसर किंवा तेलकट डाग पडला तर हवेतलं पाणी-तेल वेगळं करणारा विभाजक आधी रिकामा करा.

स्वच्छता एसए अडीचची हवी. म्हणजे पत्रा जवळजवळ पांढरा, फक्त इथे-तिथे फिकट छटा. खरखरीतपणा ३० ते ७५ मायक्रॉन. मग धूळ व्हॅक्यूमने काढा आणि पारदर्शक टेप दाबून, उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवा. जांभ्याच्या रस्त्याकडेला यार्ड असेल तर उन्हाळ्यात टेपवर लालसर धूळ येते. ती गंज समजून पुन्हा ब्लास्टिंग करत बसू नका. शेडचे पडदे सोडा, रस्त्यावर पाणी मारा, परत व्हॅक्यूम फिरवा.

पत्र्याला घाम कधी सुटतो

नियम दोन आहेत. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवं. दोन्ही एकाच वेळी पाळायचे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५.२ येतो, म्हणजे पत्रा २८.२ अंशांचा हवा. सकाळी सातला पत्रा हवेपेक्षा गारच असतो. आर्द्रतेचा आकडा नियमात बसूनही रंगकाम नियमात बसत नाही, ते असं. हवा ३२ आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू २३.३ च्या आसपास येतो, तिथे अडचण नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उघड्यावर काम करायला साधारण सकाळी दहा ते दुपारी चार हा काळ मिळतो. चारनंतर फवारणी सुरू करू नका. रंग वाळायच्या आत त्याच्यावर दव पडतं. अमाइन हार्डनरचा इपॉक्सी (बेस आणि हार्डनर मिसळल्यावर कडक होणारा रंग) ओलाव्यात वाळला की त्यावर पांढुरका, बोटाला तेलकट लागणारा पापुद्रा येतो. तो दिसतही नाही कधीकधी. पण त्यावर मारलेला पुढचा थर महिन्याभरात पापडासारखा सुटतो. शंका आली तर कोमट गोड्या पाण्याने आणि डिटर्जंटने धुवा, वाळवा, हलकी सँडिंग करा.

आगोट लागली की कोळी होड्या ओढून शाकारून ठेवतात. ब्लॉक तसा ठेवता येत नाही, जहाज बांधणीचं वेळापत्रक थांबत नाही. पावसाळ्यात बंद शेड आणि डीह्युमिडिफायर यांशिवाय टाकीच्या रंगाला हात लावू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. ताडपत्रीच्या आडोशाने काम होतं असं सांगणारे खूप भेटतात. ताडपत्री पाऊस अडवते, दमटपणा अडवत नाही. यंत्र असेल तर ते रात्रभर चालू ठेवा, कारण ब्लास्ट केलेला पत्रा रात्रीच बिघडतो.

थर चढवताना

बॅलास्ट टाकीत दोन स्ट्राइप कोट आणि दोन फवारणीचे थर, मिळून ३२० मायक्रॉन. स्ट्राइप कोट म्हणजे कडा, वेल्ड, खाचा यांवर ब्रशने आधी हात फिरवणं. रोलर फक्त खाचा आणि भोकांपुरता. सलग वेल्डवर रोलर छिद्रं झाकतो, भरत नाही. दोन थरांचे रंग वेगळे घ्या, म्हणजे सुटलेली जागा टाकीतल्या मंद उजेडातही दिसते.

ओला थर किती मारायचा याचं गणित मारण्याआधी करा. रंगात घन भाग ८० टक्के असेल आणि सुका थर १६० मायक्रॉन हवा असेल, तर ओला थर २०० हवा. ५ टक्के थिनर घातला तर २१०. कंगवा-गेज (ओला थर मोजायची दातेरी पट्टी) खिशात ठेवा आणि दर काही हातांनी टेकवून पाहा. मालाचा हिशोबही यातूनच येतो: असा १ लिटर रंग कागदावर ५ चौरस मीटर पुरतो. ५०० चौरस मीटरच्या टाकीला एका थराला १०० लिटर. पण स्टिफनरच्या गर्दीत ४० टक्के वाया जातो, म्हणून १६७ लिटर मागवा.

वाळल्यावर सपाट भागावर दर ५ चौरस मीटरला एक मोजणी करा. ९० टक्के आकडे ३२० किंवा वर हवेत आणि उरलेल्यांतला एकही २८८ च्या खाली नको. जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. कोपऱ्यात दाट साचलेल्या रंगात सॉल्व्हंट अडकतं आणि तिथे तडे जातात.

बेस आणि हार्डनर नेहमी पूर्ण डब्यांच्या जोडीने मिसळा. अर्धा डबा अंदाजाने मिसळला तर तो भाग कधीच कडक होत नाही. डब्यावर दोन थरांमधलं किमान आणि कमाल अंतर लिहिलेलं असतं, त्यातलं कमाल अंतर लोक विसरतात. गणपतीला यार्ड अर्धं रिकामं होतं. शिमग्यालाही तेच. सुट्टीच्या आदल्या दिवशी पहिला थर मारून गावी गेलात, तर परत येईपर्यंत इपॉक्सी इतका कडक झालेला असू शकतो की दुसरा थर धरत नाही, आणि सगळी टाकी घासावी लागते. कॅलेंडर बघून पहिला थर मागे ढकला. ब्लास्टिंगसुद्धा.

टाकीत शिरताना मॅनहोलवर एक माणूस कायम हवा, त्याला दुसरं काही काम द्यायचं नाही. आत स्फोटरोधक दिवे, बाहेरून हवा मिळणारा मास्क, चालू एक्झॉस्ट आणि गॅस मीटर. ज्वलनशील वाफ खालच्या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर गेली की सगळ्यांनी बाहेर. एअरलेस गनच्या टोकापुढे बोट नेऊ नका, दाब शंभर बारच्या कितीतरी वर असतो. रंग बोटात घुसला तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, फारसं दुखतही नाही. तरीही लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि रंगाचं माहितीपत्रक बरोबर न्या. उशिराने बोट जातं.

सांधे, आणि नंतरचं वेल्डिंग

ब्लॉकच्या कडेला पुढे जोड येणार असतो. तिथे १०० ते १५० मिमी पट्टा टेप लावून कोरा सोडा. जोड झाल्यावर गळतीची चाचणी आधी, रंग नंतर, कारण रंग बारीक छिद्र झाकतो आणि चाचणी खोटी पास होते. सांध्यावर पुन्हा ब्लास्टिंग शक्य नसेल तर पॉवर टूलने एसटी ३ पर्यंत (ब्लास्टिंगशिवाय, घासून मिळणारा स्वच्छतेचा दर्जा) साफ करा आणि जुन्या रंगाची कड सँडिंगने उतरती करा. टाकीतली एकूण खराबी २ टक्क्यांपर्यंत असेल तर एसटी ३ चालतं. त्याहून जास्त असेल किंवा एकसलग २५ चौरस मीटरच्या वर असेल तर पुन्हा एसए अडीच.

खरा घात करतं ते उशिराचं वेल्डिंग. रंगलेल्या टाकीच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी केबल ट्रेचा आधार वेल्ड करतो आणि आतला रंग टिकलीएवढा जळतो. आत कुणी बघत नाही. युद्धनौकेत केबल आणि पाइप इतके असतात की अशा टिकल्यांची संख्या वाढतच जाते. ‘निलगिरी’ वर्गाची जहाजं एकात्मिक पद्धतीने, म्हणजे ब्लॉक जोडण्याआधीच त्यात पाइप आणि सामान बसवून बांधली गेली. वेळ वाचतोच, शिवाय रंगानंतरचं हॉट वर्क (वेल्डिंग-कटिंगसारखं काम) कमी होतं. रंगवण्याआधी पाइप फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोघांकडून ‘या ब्लॉकमधले आमचे आधार लागले’ अशी सही घ्या. नंतर हॉट वर्क परवाना निघाला तर त्याची प्रत रंग विभागाकडे आली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या बाजूची फ्रेम गाठून तपासणी करता येते.

जहाजाच्या तळाला झिंक किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोड, संदर्भ इलेक्ट्रोड, सोनार डोम आणि इको साउंडरचे चेहरे झाकूनच फवारा करा. ॲनोडवर रंग बसला की तो स्वतः झिजत नाही आणि त्याच्याऐवजी जहाजाचं स्टील झिजतं. ड्राय डॉकमध्ये जहाज ज्या ठोकळ्यांवर टेकतं, त्यांच्याखाली ब्लास्टिंगही होत नाही आणि रंगही लागत नाही. त्या जागा फ्रेम क्रमांकासह डॉकिंग आराखड्यावर लाल पेन्सिलने भरा. पुढच्या डॉकिंगला ठोकळे सरकवून मांडा, आणि काम याच जागांपासून सुरू करा.