पावसातलं नत्र मोजायचं, तर नरसाळं गोठ्यापासून लांब ठेवा

विजांचा पाऊस पडला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दोन दिवसांत हिरवी काळीभोर होते, असं आमच्या आर्वीकडे कोणीही सांगेल. वीज हवेतलं नत्र पावसात उतरवते हे खरंच. पण गोठ्यातला अन् युरियातून उडालेला अमोनिया, धुऱ्यावर जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर, कोराडीसारख्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा, हे सगळं त्याच पाण्यात येतं.

२० सेंटिमीटर तोंडाचं प्लास्टिकचं नरसाळं अन् बाटली घ्या. साबण नको, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा विसळा. वावरात छातीएवढ्या उंचीवर बल्लीला बांधा, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडून. पहिल्या वर्षी मी आळसानं गोठ्याजवळच बांधलं. अमोनियम, म्हणजे पाण्यात उतरलेला अमोनिया, एवढं निघालं की तपासणारा पोरगा म्हणे, "काकू, यात काय मिसळलं?" मिसळलं काय, आमच्या बैलांचं मूत! पुढच्या साली वावरात नेलं, तर नरसाळ्यात कावळ्याची पांढरी धार. तो नमुना सरळ फेकला, अन् कडेला तुराट्या उभ्या बांधल्या. आता कावळ्याला बसायला जागाच नाही.

झाकण पाऊस सुरू झाला की काढायचं, थांबला की लावायचं. कोरड्या दिवसात पडलेली धूळ पावसाच्या नावावर नको. मृगात मी ओसरीवरच झोपते. टिनावर टपटप ऐकू आलं की उठते. पहिला पाऊस चुकवू नका, हवेतली बरीच घाण तोच धुऊन आणतो. प्रत्येक पावसाची बाटली वेगळी. पाणी आधी मोजा: ३१.४ मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर पाऊस.

उन्हात ठेवलं तर जंतू अमोनियम खातात, म्हणून लगेच फ्रीझरला. बाटली पाऊणच भरा, गोठून फुटते. किराणावाल्याच्या कुल्फीच्या पेटीत ठेवत असाल तर 'पिऊ नये' लिहा. मी अनुभवानं सांगते.

प्रयोगशाळेला आधीच विचारा, लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी मोजता येतं का. विहिरीच्या पाण्याची साधी तपासणी इथं कामाची नाही. अहवालात लिटरमागे मिलिग्रॅमचा आकडा येतो; त्यातलं नुसतं नत्र काढायला 'नायट्रेट' असेल तर ४.४३ नं भागा, 'अमोनियम' असेल तर १.२९ नं, अन् बेरीज करा. तिला पावसाच्या मिलिमीटरनं गुणून १०० नं भागलं की हेक्टरी किलो नत्र. समजा बेरीज ०.५ आली अन् पाऊस ५० मिलिमीटर, तर पाव किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. तिच्याशी ताडायचं ते दिवाळीला, सगळ्या बाटल्यांची बेरीज झाल्यावर.