पेशंट व्हेप करतो का? केस पेपरवर नीट कसं लिहायचं

हिस्ट्री घेताना आपण सगळे एकच विचारतो, सिगारेट ओढता का, पेशंट नाही म्हणतो आणि आपण "नॉन-स्मोकर" लिहून मोकळे. यात पेशंट खोटं बोललेला नसतो बरं का, तो सिगारेट ओढतच नाही, तो व्हेप करतो आणि त्याच्या हिशेबात ते स्मोकिंग नाहीच. म्हणून प्रश्नच वेगळा विचारायचा: "व्हेप, पॉड, ई-सिगारेट असलं काही वापरता का, अगदी कधीतरी?" तिन्ही शब्द घ्या, कारण पोरांच्या हातात जे असतं ते सिगारेटसारखं दिसतही नाही. कॉलेजचं पोर असेल तर आईवडिलांना दोन मिनिटं बाहेर बसवा, नाहीतर उत्तर काय येणार ते ठरलेलंच आहे.

हो म्हणाला की "व्हेपिंग: हो" एवढ्यावर थांबू नका, त्याचा पुढच्या डॉक्टरला काडीचा उपयोग नाही. पॅक-इयर (रोजची पाकिटं गुणिले वर्षं, हा सिगारेटचा हिशेब) इथे चालत नाहीत, कश मोजून कोणी ओढत नाही. त्यापेक्षा लिक्विडची स्ट्रेंथ आणि एक पॉड (लिक्विडची छोटी कुपी) किती दिवस पुरतो ते लिहा. स्ट्रेंथ कुठे मिग्रॅमध्ये तर कुठे टक्क्यात छापलेली असते, २ टक्के म्हणजे साधारण २० मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे २ मिलीच्या पॉडमध्ये ४० मिग्रॅ निकोटीन. पेशंटला माहीत नसेल तर पॅक मागून बघा आणि लेबलवरचं जसंच्या तसं उतरवा. सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला कश लागतो हेही विचारा, अर्ध्या तासाच्या आत असेल तर ॲडमिट झाल्यावर चिडचिड, झोप नाही हे सगळं येणार हे धरून चाला, निकोटीन पॅच किंवा गमचं आधीच बघता येतं.

आत नक्की काय आहे, निकोटीन की टीएचसी (गांजातला नशेचा घटक), हे विचारायला लाजू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुफ्फुसं खराब होण्याची जी साथ आली त्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ केसेस आणि ६८ मृत्यू नोंदले गेले, त्यातले बरेच जण टीएचसीवाले होते आणि बोट मुख्यतः टीएचसीच्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे गेलं. तेव्हा केस ठरवताना लक्षणं सुरू व्हायच्या आधीचे ९० दिवस बघायचे. त्यामुळे धाप, खोकला आणि एक्स-रेत दोन्ही बाजूंना शॅडो असलेल्या पेशंटमध्ये "अलीकडे वापरलं" असलं मोघम नको, शेवटचं कधी ओढलं त्याची तारीख टाका.

आता जे सगळ्यात जास्त सुटतं ते. सिगारेट सोडून व्हेपवर आलेला पेशंट क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजाराची औषधं) किंवा थिओफिलिनवर (दम्याचं औषध) असेल तर सिगारेट कधी सुटली ती तारीख लिहायलाच हवी. ही औषधं लिव्हरमध्ये लवकर संपवायला लावतो तो सिगारेटचा धूर, निकोटीन नाही, त्यामुळे धूर बंद झाला की व्हेप चालू असला तरी थोड्याच दिवसांत औषधाची लेव्हल चढू शकते. "स्मोकर" आणि "व्हेपर" एकाच टिकमध्ये कोंबलं की हे कुणाला कळणारच नाही. दोन्ही चालू असेल तर दोन्ही लिहा. टेस्टवरही डोळे झाकून विसंबू नका, कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) व्हेपवाल्याचं पॉझिटिव्ह येतं, पॅचवाल्याचंही येतं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मात्र नुसत्या व्हेपने वाढत नाही.

लिहायचं कुठे? सिगारेटच्या लाइनखालीच, पण वेगळ्या लाइनवर. असं:

"सिगारेट: आधी रोज १०, ३ महिन्यांपूर्वी बंद. व्हेप: रोज, पॉड, निकोटीन २० मिग्रॅ/मिली, २ मिलीचा पॉड २ दिवस पुरतो, टीएचसी नाही, पहिला कश उठल्यावर १० मिनिटांत, शेवटचा आज सकाळी. सोडायची इच्छा आहे."

कॉम्प्युटरवर व्हेपचा वेगळा रकाना असेल तर तोच भरा, फ्री टेक्स्टमध्ये टाकलेलं नंतर कुणी शोधत नाही. हीच लाइन डिस्चार्ज समरीतही उतरवा. आणि पेशंट ऑक्सिजनवर असेल तर डिव्हाइस कुठे ठेवलंय ते नर्सिंग नोट्समध्ये लिहून ठेवा, पांघरुणाखाली हळूच कश मारणारे असतात आणि ऑक्सिजनजवळ ते पेटू शकतं.