स्वेटर बिघडतो तो पहिल्या टाक्याआधीच: विणकामातल्या या चुका टाळा

आमच्या नागपुरात थंडी पडते ती रात्री आणि भल्या पहाटे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला दातावर दात वाजतात आणि दुपारी पारा पुन्हा २८ अंशांच्या आसपास गेलेला असतो. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता खरा, पण अशा रात्री मोजक्याच. तरी नव्याने विणायला शिकलेल्या मैत्रिणी बर्डीवरून किंवा इतवारीतून सगळ्यात जाड, गुबगुबीत लोकर घेऊन येतात. महिना-दीड महिना खपून विणलेला तो स्वेटर मुलगा शाळेत पोचेपर्यंत घालतो आणि नऊ वाजता काढून दप्तरात कोंबतो. एवढी मेहनत अशी कोपऱ्यात पडलेली पाहवत नाही. इथल्या थंडीला मध्यम किंवा बारीक लोकर पुरते. बिनबाह्यांचा किंवा समोरून उघडणारा स्वेटर केलात तर तो खरोखर अंगावर राहतो.

तुकडा न विणता टाके घालणे

मला विणकाम आत्याने शिकवलं. मी उत्साहाने स्वेटरचे टाके घालायला बसले की ती म्हणायची, "आधी टाके मोजायला एक छोटा चौकोन विणून आण, मग पुढचं बोलू." तेव्हा राग यायचा. आज मी प्रत्येकीला हेच सांगते, कारण बिघडलेल्या स्वेटरांपैकी बहुतेक इथेच बिघडलेले असतात.

हिशेब करून बघा. छातीचं तयार माप ९० सें.मी. हवंय, म्हणजे पाठ ४५ सें.मी. ज्या नमुन्यावरून विणताय त्यात १० सें.मी.ला २२ टाके दिलेत, म्हणून तुम्ही ९९ टाके घातले. पण तुमचा हात थोडा सैल, १० सें.मी.त २०च टाके बसतात. मग तेच ९९ टाके ४९.५ सें.मी. होतात आणि पाठ-पोट मिळून स्वेटर ९ सें.मी. जास्त रुंद. दहा सें.मी.मागे दोन टाक्यांचा फरक, आणि कपडा दुसऱ्याच माणसाचा.

हा मोजणीचा तुकडा निदान १५ सें.मी. चौरस विणा. कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे पडतात, म्हणून मधले १० सें.मी. मोजा. आणि मोजायच्या आधी तो धुवून वाळवा, कारण पुढे कपडाही धुतला जाणारच आहे. टाके कमी भरले तर सुई बारीक घ्या, जास्त भरले तर जाड.

इथे नंबरांचा एक घोळ आहे. आपल्याकडच्या सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपली ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी. अमेरिकन व्हिडिओतली ८ नंबर मात्र ५ मि.मी.ची. नंबर सोडा, मिलिमीटर विचारा.

उन्हाळ्यात सुरू करून हिवाळ्यात संपवणे

हे आमच्याकडचं खास दुखणं. मे महिन्यात हाताला घाम असतो, लोकर बोटांवर सरकत नाही, टाके घट्ट बसतात. तेच काम नोव्हेंबरात पुढे नेलं की टाके सैल पडतात आणि पाठीवर आडवी रेघ उमटते. धुतल्यानेही ती पूर्ण जात नाही. मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली की टाके घालते आणि पाठ अर्ध्यावर सोडत नाही. दोन्ही बाह्या तर एकाच सुईवर, लोकरीच्या दोन वेगळ्या गुंड्यांनी सोबत विणते. मग लांबी आणि घट्टपणा दोन्ही जुळतात.

लोकर एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, सारखा आहे का बघा. दुकानात एकच दिसणारा रंग घरी उजेडात वेगळा निघतो. वेगळा लॉट घ्यावाच लागला तर दोन ओळी जुन्या गुंडीच्या, दोन नव्या, असं काही अंतर विणा.

टाके वाढतात, कमी होतात

साठ टाके घातले आणि वीस ओळींनंतर सदुसष्ट झाले, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. बहुतेक वेळा दोष ओळीच्या पहिल्या टाक्यात असतो. दोरा सुईवरून मागे ओढला गेला की खालचा टाका वर उचलला जातो, त्याचे दोन पाय दिसतात आणि आपण दोन टाके विणून मोकळ्या होतो. ओळ सुरू करताना दोरा सुईच्या खालून मागे न्या.

मधेच भोक पडलं असेल तर सुलटवरून उलटवर येताना दोरा पुढे घ्यायचा राहून सुईवर वेढा पडला असणार. किंवा दारावरची बेल वाजली म्हणून उठलात आणि परत आल्यावर उलट्या दिशेने सुरुवात केलीत. खूण सोपी आहे: गुंडीचा दोरा ज्या सुईला लटकतोय ती उजव्या हातात.

सुटलेला टाका पाहून सगळं उसवू नका. सुलट बाजूने क्रोशाची सुई त्या फासात घाला, वरचा आडवा दोरा पकडून फासातून ओढा, एकेक पायरी चढत या. गळ्यापाशी किंवा मुंढ्यापाशी पोचण्याआधी एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवा. पुढे उसवावं लागलं तर उसवण तिथेच थांबते.

क्रोशात चौकोनाचा त्रिकोण होणे

खांबांच्या, म्हणजे सुईवर वेढा घेऊन विणलेल्या उंच टाक्यांच्या, ओळीत सुरुवातीच्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्या असतील तर शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्याच साखळ्यांच्या टोकात यायला हवा. तो विसरला की दर ओळीला एक खांब गळतो. तिथे रंगीत दोऱ्याची खूण बांधा. शिवाय अमेरिकन नमुन्यातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला एक वेढ्याचा खांब, पण ब्रिटिश नमुन्यातला 'डबल क्रोशे' वेढ्याशिवायचा बुटका टाका. नमुना कुठला आहे ते बघूनच सुरू करा, नाहीतर उंची निम्म्यावर येईल.

बाळाचे कपडे

टोपडं डोक्यात जात नाही, कारण टाके घट्ट घातलेले. टाके घालायला नेहमीपेक्षा दोन नंबरांनी जाड सुई वापरा. तंतू सुटणारी केसाळ लोकर आणि बोटं अडकतील अशी जाळी बाळाला नको.

धुणं आणि वाळवणं

बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुधा ॲक्रिलिक असते. तिच्यावर गरम इस्त्री फिरली की धागा वितळून चपटा होतो, तो परत फुलत नाही. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटून घट्ट होते. सुती दोऱ्याचं वेगळंच. भाचीसाठी क्रोशाने विणलेलं सुती जाकीट मी गच्चीवरच्या तारेवर टाकलं होतं आणि संध्याकाळी ते चार बोटं लांब झालं. सुताला ताण बसला की ते परत आखडत नाही आणि ओल्या सुताचं वजन फार. आता मी कपडा टॉवेलात गुंडाळून पाणी काढते आणि चटईवर सावलीत आडवा पसरते. बाह्या आणि काठ तेव्हाच हाताने मापात बसवून घेते.