शेंगा उपटल्यावर ढीग घालू नका: उन्हाळी भुईमूग काढणी, ठाणे जिल्हा

मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ बाजूला भातानंतर जानेवारीत ज्यांनी भुईमूग टाकलाय त्यांची काढणी आता एकतर चालू आहे नाहीतर तोंडावर आलीय. बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं करा की उपटलेले वेल ढीग घालून ठेवू नका. दरवर्षी तेच बघतोय, मजूर मिळत नाहीत म्हणून दिवसभर नुसतं उपटायचं, संध्याकाळी बांधावर मोठा ढीग, वरून ताडपत्री गच्च, आणि शेंगा तोडायला बाया येणार चार दिवसांनी. तोवर आत हात घातला तर चटका बसतो. शेंग वरून चांगली दिसते, फोडली की दाण्याला हिरवट पिवळी बुरशी.

ताज्या शेंगेत ३५-४० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते ८ टक्क्यांवर आणायचंय आणि तेही पटकन. ती बुरशी अस्परजिलस, तिचं विष म्हणजे अफलाटॉक्सिन. लिव्हरचा कॅन्सर होतो त्याने, हे सिद्ध झालेलं आहे. वास नाही, रंग नाही. आपला माल कल्याण-ठाण्याच्या भट्टीवर जाऊन खारे दाणे होतो, लोक म्हणतात भाजल्यावर काय राहतंय? बुरशी मरते, विष थोडं कमी होतं, पण बरंचसं तसंच राहतं. लहान पोरं खातात हो ते.

पावसाचा भरवसा धरू नका. मुंबईत मान्सूनची तारीख ११ जून सांगतात पण २०२५ ला तो २६ मेलाच आला होता, आणि त्याआधी वळवाचा असतोच. माझा आपला अंदाज असा की दुपारनंतर माळशेज-नाणेघाटाच्या अंगाने काळं भरून आलं आणि वारा पडला की त्या संध्याकाळी उघड्यावर काही ठेवू नये, मोबाईलवर काही का दाखवेना. टीएजी २४ सारखे उपटे (न पसरता उभे वाढणारे) वाण असतील तर अजून घाई, पिकलेल्या शेंगेला जमिनीतच कोंब येतात. चार-पाच झाडं उपटून शेंगा फोडून बघा, ७५ टक्के शेंगांचं टरफल आतून काळपट झालं असेल तर काढा, शेवटच्या दोन शेंगा भरायची वाट बघू नका.

ऊन असेल तर वेल उलटे ठेवायचे, शेंगा वर पाला खाली, दोन-तीन दिवस. मग तोडून ताडपत्रीवर दोन-तीन इंचाचाच थर, दिवसातून तीन-चार वेळा हलवायचा, ऊन उतरलं की झाकायचं कारण आपल्याकडची हवा दमट, रात्रीत परत ओल धरते. डांबरी रस्त्यावर घालू नका, टायरखाली टरफल तडकतं आणि तिथूनच बुरशी शिरते. पाऊस दोन दिवसांवर असेल तर उपटतील तेवढं त्याच दिवशी तोडा आणि पडवीत, समाजमंदिरात, विचारून शाळेच्या व्हरांड्यात पातळ पसरून पंखा लावा. वाळली का ते कसं कळणार, तर शेंग कानाशी हलवली की खुळखुळते, दाणा चोळला की साल सुटते आणि दाताखाली कट् वाजतो. चावताना लवत असेल तर अजून एक ऊन. एवढ्यावर गोणीत भरायचं, गोणी फळीवर, भिंतीपासून लांब. प्लास्टिकच्या गोणीपेक्षा बारदान बरं.

दुकानदार आता काढणीच्या वेळी सुद्धा काहीतरी गळ्यात मारतो. शेंगा फुगायचं टॉनिक, चकाकीचं औषध, आणि सगळ्यात वाईट म्हणजे साठवणीच्या शेंगांवर टाकायला बुरशीनाशक पावडर. खायच्या मालावर ती अजिबात टाकायची नाही! त्याच पैशात दोन ताडपत्र्या येतात.

दुसरी खोड शेंगा फोडून दाणे काढतानाची. मशीनला दाणा तुटू नये म्हणून शेंगांवर पाणी मारतात. आठवडाभर वाळवलेलं एका बादलीत घालवलं. तुटले दाणे तर तुटू द्या, त्यांचा कूट होतो.

फोडल्यावर निवडणं महत्त्वाचं, कारण विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, थोड्याच काळ्या, सुरकुतलेल्या, किडक्या दाण्यांत बहुतेक सगळं असतं. ते काढले की अर्धं काम झालं. पण काढलेले गाईला घालू नका, दुधात उतरतं. कोंबड्यांना नको, घाण्यालाही नको, घाण्याच्या तेलात येतं. खड्डा करून पुरा.

बचत गटाच्या ताई खारे दाणे करतात त्यांच्यासाठी थोडं. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) अफलाटॉक्सिनची मर्यादा थेट खायच्या दाण्यांना किलोला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अख्ख्या टनात १० मिलिग्रॅम, डोळ्याने काय दिसणार, मोठा लॉट असेल तर नवी मुंबईतल्या लॅबमधून एकदा टेस्ट करून घ्या. मिठाच्या पाण्यातले दाणे रात्रभर ओले ठेवू नका, लगेच वाळूत भाजा. पूर्ण गार झाल्यावरच पाकीट सील करा नाहीतर आत वाफ धरते. वर्तमानपत्राची पुडी नको, शाई लागते आणि नियमातही बसत नाही. भाजलेल्यातला कडू लागलेला दाणा थुंकायचा, आणि त्या लॉटमधले परत निवडायचे. वाशीच्या दाणा बंदरातून स्वस्तात पोतं उचलताना हात आत खोल घाला, वरचा दाणा नेहमी चांगलाच असतो.

खरीपाची तयारी, थोडक्यात:
- बियाणं एकरी ४० किलोच्या आसपास, वाणाप्रमाणे
- बीजप्रक्रिया (पेरण्याआधी बियाण्याला चोळायचं): ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम, रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) २५ ग्रॅम
- एकरी १० किलो नत्र, २० किलो स्फुरद
- जिप्सम एकरी १६० किलो, निम्मं पेरताना निम्मं आऱ्या (फुलातून जमिनीत शिरणारे दांडे, त्यांनाच शेंग धरते) सुटताना
- आऱ्या सुटल्यावर कोळपणी बंद

खरीपाच्या शेंगा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतील, तेव्हा ऊन आत्तापेक्षा कमी आणि जमीन ओली, म्हणजे वाळवायला अजून जास्त जागा लागणार. ताडपत्र्या आत्ताच घेऊन ठेवा, पाऊस लागला की भाव चढतो.