विमान कंपनीच बंद पडली, तर परतायचं कसं आणि पैसे मागायचे कुठे

विमान कंपनी बंद पडली की दोन वेगळी कामं एकदम अंगावर येतात: घरी पोचणं आणि पैसे परत मिळवणं. बहुतेक जण दोन्ही एकाच रांगेत उभं राहून करायला बघतात. कंपनीच्या काउंटरसमोर तीन तास जातात आणि तोवर दुसऱ्या विमानांची तिकिटं दुपटीवर गेलेली असतात. काउंटरवरच्या माणसाला स्वतःच्या पगाराची खात्री नसते; तुम्हाला विमान देणं किंवा पैसे परत करणं त्याच्या हातात नसतंच. म्हणून आधी घर, पैसे नंतर.

"थोडे दिवस थांबा, सुरू होईल" यावर विसंबू नका. गो फर्स्टने 2 मे 2023 ला फक्त 3 ते 5 मेची उड्डाणं रद्द केल्याचं सांगितलं. मग ती तारीख थोडी थोडी पुढे सरकत राहिली. लेह, श्रीनगर, पोर्ट ब्लेअरच्या ऐन सीझनमध्ये कंपनी बसली ती पुन्हा उडालीच नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. त्यानंतर पाच वर्षं ती परत सुरू होण्याच्या बातम्या येत होत्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. आता तर आशा आणखी कमी. ऑक्टोबर 2023 पासून दिवाळखोरीतल्या स्थगितीमधून (कंपनीकडची वसुली आणि खटले थांबवणारा आदेश) विमानं वगळली आहेत, त्यामुळे भाड्याने दिलेली विमानं मूळ मालक लवकर परत नेऊ शकतात. विमानंच गेली तर कंपनी उडवणार काय?

पहिला तास

अ‍ॅपमधलं 'कॅन्सल' बटण दाबू नका. तुम्ही स्वतः रद्द केलंत की ते प्रवाशाने रद्द केलेलं तिकीट ठरतं, कॅन्सलेशन चार्ज कापला जातो आणि पुढचा दावा लंगडा पडतो. रद्द कंपनीला करू द्या. 'क्रेडिट शेल' (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवलेली रक्कम) किंवा व्हाउचर देऊ केलं तरी घेऊ नका. बुडत्या कंपनीचं व्हाउचर म्हणजे नुसता कागद.

वेबसाइट चालू आहे तोवर तिकिटाची पीडीएफ, पैसे भरल्याची पावती, सामानाचे आणि सीटचे वेगळे पैसे भरले असतील तर त्यांची पावती उतरवून घ्या. रद्द झाल्याचा मेल किंवा एसएमएस तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट करून ठेवा. अ‍ॅप कधी बंद होईल सांगता येत नाही.

मग तिकिटाचा नंबर बघा. पीएनआर नव्हे, 13 आकडी ई-तिकीट नंबर. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या एअरलाइनने दिलं ते सांगतात: 098 एअर इंडिया, 176 एमिरेट्स, जेटचा 589 होता. विमान बुडालेल्या कंपनीचं, पण नंबर दुसऱ्या एअरलाइनचा असेल, तर तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवण्याची किंवा पैसे परत देण्याची मागणी तिकीट देणाऱ्या एअरलाइनकडे करा. तिच्या कस्टमर केअरला हा नंबरच सांगा. स्वस्त कंपन्यांच्या तिकिटावर बहुतेकदा नुसता पीएनआर असतो, तिथे ही वाट बंद.

टूर कंपनीचं पॅकेज असेल तर व्यवहार तुमचा आणि टूर कंपनीचा आहे. "एअरलाइन बुडाली, आम्ही काय करणार" हे उत्तर मान्य करू नका. परतीची सोय लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली तरी चालेल.

परत यायचं

थेट मुंबईचं तिकीट सगळ्यात आधी महागतं, म्हणून वाकडी वाट शोधा. बँकॉकहून चेन्नई, बेंगळुरू किंवा कोलकाता, आणि तिथून पुढे देशातलं विमान किंवा रेल्वे. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान मध्ये उतरवून पुन्हा चेक-इन करावं लागतं. इमिग्रेशनसकट चार-पाच तास हातात ठेवा. गोव्यात अडकलात तर विमानाच्या मागे लागूच नका, मडगावहून वंदे भारत, तेजस, जनशताब्दी, मांडवी आहेत. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं: एसी सकाळी 10 ला, नॉन-एसी 11 ला. आधार जोडलेलं आयआरसीटीसी खातं आधीच तयार हवं. स्लीपर बस तर संध्याकाळीही मिळते. अंदमानची गोष्ट वेगळी. जहाजाला चेन्नई गाठायला तीनेक दिवस लागतात, त्यामुळे तिथे महाग तिकीटही मुकाट्याने घ्यावं.

इतर एअरलाइन्सना सवलतीचं भाडं आहे का, हे फोन करून विचारा. जेटच्या वेळी परदेशात अडकलेल्यांसाठी एअर इंडियाने तसं भाडं दिलं होतं. अशी सवलत वेबसाइटवर दिसेलच असं नाही, आणि बहुधा जुनं तिकीट दाखवावं लागतं.

घाईत तिकीट काढताना उतरायचा विमानतळही बघा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. बोरिवलीच्या माणसाला रात्री दोन वाजता हा फरक टॅक्सीच्या मीटरवर कळतो.

परदेशात असाल तर व्हिसाची तारीख ही खरी डोकेदुखी. विमान रद्द झालं म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. थायलंडमध्ये जास्तीच्या प्रत्येक दिवसाला 500 बाट दंड आहे, कमाल 20,000. दुबईत दिवसाला 50 दिरहॅम. मुदत संपायच्या आत रद्द झाल्याचा मेल घेऊन इमिग्रेशन कार्यालय गाठा. भारतीय दूतावास कागदपत्रांना मदत करतो, तिकीट काढून देईल असं धरून चालू नका.

ब्रिटनमध्ये विमानासकट विकलेल्या पॅकेजला, कंपनी बुडाली तर प्रवाशांना परत आणणाऱ्या निधीचं, म्हणजे अ‍ॅटॉलचं संरक्षण असतं. सप्टेंबर 2019 मध्ये तिथली टूर कंपनी थॉमस कुक बुडाली, तेव्हा तिथल्या विमान प्राधिकरणाने विमानं भाड्याने घेऊन सुमारे दीड लाख लोकांना परत आणलं. (भारतातली त्याच नावाची कंपनी 2012 पासून वेगळ्या मालकीची आहे.) आपल्याकडे असा निधी नाही. त्यामुळे लंडनच्या मुलीने तिकडून पॅकेज काढून दिलं असेल तर तिच्याकडून अ‍ॅटॉल सर्टिफिकेट मागून घ्या.

पैसे

सगळ्यात भरवशाची वाट बँकेची. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक (कार्डाने गेलेले पैसे बँकेमार्फत परत) मागा. कारण 'सेवा मिळाली नाही' हेच लिहा. घाबरून 'फ्रॉड' निवडलंत तर बँक कार्ड ब्लॉक करते आणि "ओटीपी तर तुम्हीच दिला होता" म्हणून तक्रार फेटाळते. मुदत साधारण 120 दिवसांची, आणि ती ठरलेल्या प्रवासाच्या तारखेपासून मोजतात. बँकेचा माणूस पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजायला लागला तर तिथेच अडवा. जाण्याचा प्रवास झाला असेल तर फक्त परतीच्या भागाचे पैसे मिळतात, आणि नव्या महाग तिकिटाचा फरक यात येत नाही. तिकीट ईएमआयवर असेल तर तक्रार चालू असतानाही हप्ते भरत राहा.

स्टेटमेंटवर नाव कोणाचं आहे तेही बघा. बुकिंग साइटचं असेल तर चार्जबॅक तिच्यावर जातो, आणि "आम्ही तिकीट काढून दिलं" म्हणून ती भांडते. अशा वेळी रद्द झाल्याचा मेल लागतो. 30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. यूपीआयने भरलेल्यांना मात्र ही सोय जवळपास नाही.

प्रवास विमा असेल तर पॉलिसीत 'एअरलाइनची दिवाळखोरी' हे शब्द शोधा. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते.

ग्राहक आयोगात टूर कंपनी किंवा एजंटविरुद्ध जाता येतं. मुंबईत राहता तर इथल्याच जिल्हा आयोगात. मुदत दोन वर्षं, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एअरलाइनवर मात्र एनसीएलटीने (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की दिवाळखोरी कायद्याच्या कलम 14 ची स्थगिती लागते आणि खटले थांबतात. मग उरतो तो रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरीत कंपनीचा कारभार बघायला नेमलेला माणूस) दावा. त्याची जाहीर सूचना दिवाळखोरी नियामक आयबीबीआयच्या साइटवर आणि वर्तमानपत्रांत येते. कोणता फॉर्म आणि शेवटची तारीख कोणती ते तिथेच दिलेलं असतं. चार्जबॅकने मिळालेली रक्कम वजा करून उरलेलीच मागा.

मालमत्ता विकून आलेले पैसे वाटताना, त्याच कायद्याच्या कलम 53 च्या रांगेत तारण असलेल्या बँका आणि कामगार पुढे, प्रवासी बरेच मागे. दावा भरावा, पण त्या पैशांवर पुढच्या सहलीचा हिशेब बांधू नये.

दावेदारांची यादी सार्वजनिक असते, हे चोरांनाही ठाऊक असतं. "तुमचा रिफंड मंजूर झालाय, प्रोसेसिंग फी भरा" किंवा "हे अ‍ॅप टाकून स्क्रीन दाखवा" असा फोन आला तर कट करा. दाव्याला फी नसते. गुगलवर सापडलेला 'कस्टमर केअर' नंबरही लावू नका. पत्रव्यवहार फक्त जाहीर सूचनेतल्या ईमेलवर.