‘टॅक्स कमी केला’ हा दावा कसा तपासायचा: कॅनडाचा हिशोब, आपल्या वहीत

कॅनडाने टॅक्स कमी केला, उद्योग धावत आले, मग आपल्याकडे का होत नाही? असा मजकूर गावातल्या ग्रुपवर अधूनमधून येतो. त्यावर लगेच दुसरा येतो की टॅक्स कमी केला म्हणून कॅनडा कर्जात बुडाला. दोन्हींत आकडे असतात आणि ते बहुधा खरेही असतात. अडचण असते ती जोडणीत. खाली दिलेली पद्धत अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करणाऱ्यांना उपयोगी आहे, ज्यांच्या घरचं कुणी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला शिकायला गेलंय त्यांना आहे, आणि तूर विकणाऱ्या कास्तकारालाही आहे. त्याचं कारण शेवटाकडे येईल.

वहीचं एक पान घ्या, मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. पानावर चार रकाने आखा: कोणता कर आणि कोणत्या सरकारचा, पूर्ण वर्षाला किती, कोणाच्या खिशात, बिल कोणाच्या नावावर. पहिले तीन रकाने भाषणातूनच भरले जातात. चौथा कुणी भरून देत नाही, तो आपल्याला शोधावा लागतो.

आकडा आधी साफ करा

बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजे १०० कोटी. ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. निम्मे घोटाळे इथेच होतात. डॉलरचे रुपये करत बसू नका. मोठा आकडा आणखी मोठा दिसतो, समजत काही नाही. त्याऐवजी तो त्या देशाच्या उत्पन्नाशी ताडून बघा. नोव्हेंबर २०२५ च्या कॅनडाच्या अंदाजपत्रकात २०२५-२६ ची तूट ७८.३ अब्ज डॉलर दाखवली आहे. ऐकायला प्रचंड वाटते, पण देशाच्या सकल उत्पादनाच्या ती साधारण अडीच टक्के आहे. आता तिच्याबद्दल बोलता येतं.

दुसरं बघायचं ते वर्षांचं. कॅनडात खर्चाचे आणि कपातीचे आकडे बरेचदा पाच वर्षांची बेरीज म्हणून सांगतात. २०१८ च्या शरद ऋतूत तिथल्या सरकारने यंत्रसामग्रीवरचा घसारा (यंत्राची झीज म्हणून दरवर्षी नफ्यातून वजा होणारी रक्कम) लवकर वजा करू देण्याची सवलत जाहीर केली, अंदाजे खर्च पाच वर्षांत १४ अब्ज. वर्षाला तीनेक अब्ज झाले. त्यातही मेख अशी की घसारा आज जास्त धरला तर उद्या धरायला कमी उरतो. म्हणजे सरकारचं बरंचसं उत्पन्न बुडालं नाही, पुढे ढकललं गेलं. असा आकडा वहीत लिहिताना शेजारी ‘पुढे ढकललेला’ अशी खूण करा.

दर आणि खिसा यांत फरक

हा भाग हाताने करून बघावा. वाचून डोक्यात बसत नाही.

१ जुलै २०२५ पासून कॅनडाच्या केंद्र सरकारने आयकराचा सर्वांत खालचा दर १५ वरून १४ टक्के केला. वर्षाच्या मधोमध केल्यामुळे २०२५ साठी सरासरी दर १४.५ टक्के धरला गेला आणि पूर्ण १४ चं वर्ष २०२६. हा खालचा टप्पा २०२६ मध्ये ५८,५२३ डॉलरपर्यंत आहे. एक टक्का काढा: ५८५ डॉलर. पण सरकारनेच सांगितलेला जास्तीत जास्त फायदा ४२० डॉलर आहे. मधले १६५ गेले कुठे?

कॅनडात मूळ सवलतीची रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही. त्या रकमेवर खालच्या दराने सूट काढतात आणि ती करातून वजा करतात. २०२६ ची मूळ रक्कम १६,४५२ डॉलर. दर १४ झाला तशी ती सूटही १५ टक्क्यांऐवजी १४ टक्क्यांनी मिळाली, म्हणजे १६५ डॉलरने घटली. ५८५ वजा १६५, उरले ४२०. नवरा-बायको दोघंही कमावते असतील तर ८४०. हीच ती जाहिरातीतली रक्कम.

आता ३०,००० डॉलर कमावणारा माणूस घ्या. ३०,००० वजा १६,४५२, त्याचा एक टक्का: १३५ डॉलर. १६,००० कमावणाऱ्याला शून्य, कारण तो आधीच कर भरत नव्हता. आणि तीन लाख डॉलरवाल्याला पूर्ण ४२० मिळतातच, कारण त्याच्या उत्पन्नाचा पहिला भागही त्याच टप्प्यातून जातो. ‘खालच्या दरात कपात’ ऐकून ती गरिबांसाठी आहे असं वाटतं. तिसऱ्या रकान्यात मात्र काय आलं ते तुम्हीच बघा.

हीच चाचणी आपल्याकडे लावायची. २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात १२ लाखांपर्यंत आयकर नाही असं जाहीर झालं. ती कर-सूट आहे, टप्पा शून्य केलेला नाही; उत्पन्न १२ लाखांच्या बरंच वर गेलं की खालच्या टप्प्यांचा कर पुन्हा लागतो. आणि ज्याचं सगळं उत्पन्न वावरातून येतं त्याच्या खिशात यातून काहीच आलं नाही, कारण शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर मुळातच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तो कास्तकाराच्या रकान्यात बसतो. अट एकच, शोरूमने तो किमतीत उतरवला पाहिजे. जुनं आणि नवं कोटेशन शेजारी ठेवून बघा.

‘स्पर्धेत टिकण्यासाठी’ म्हटलं की

कंपनी कराच्या कपातीला हे कारण जवळपास नेहमी जोडलेलं असतं. कॅनडाचा केंद्रीय कंपनी कर २००० मध्ये २८ टक्के होता, २००४ मध्ये २१ आणि २०१२ मध्ये १५. शेजारच्या अमेरिकेने २०१८ पासून आपला केंद्रीय दर ३५ वरून २१ केला, तेव्हा कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, धावपळ उडाली आणि त्यातूनच वर सांगितलेली घसाऱ्याची सवलत आली.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे १५ आणि २१ एवढेच दोन आकडे समोरासमोर ठेवणं. कॅनडात प्रांतही कंपनी कर लावतात. ओंटारिओचा ११.५, म्हणून तिथल्या कंपनीला एकूण २६.५. अल्बर्टाने २०२० मध्ये आपला दर ८ वर आणला, तिथे एकूण २३. अमेरिकेतही बहुतेक राज्यांचा वेगळा कर आहे. त्यामुळे ताडायचा तर केंद्र अधिक प्रांत असा एकूण दर ताडायचा. अल्बर्टाचं उदाहरण देणाऱ्याला आणखी एक विचारा: तिथे प्रांताचा विक्रीकर नाही, मग तिजोरी कशावर चालते? आयकराच्या जोडीला मोठा आधार तेल आणि गॅसच्या रॉयल्टीचा. भाव पडला की तिथलं अंदाजपत्रक डगमगतं. ज्या प्रांताकडे तेल नाही त्याने ही नक्कल करू नये.

दर उतरला म्हणून कारखाना येतोच असं नाही. कर १५ वर येऊन बारा वर्षं झाली होती, तरी मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ कॅनडाच्या वरिष्ठ उपगव्हर्नर कॅरोलिन रॉजर्स यांनी हॅलिफॅक्सच्या भाषणात देशाच्या उत्पादकतेला आणीबाणीची उपमा दिली. कंपन्या यंत्रांत, कौशल्यात पुरेसा पैसा घालत नाहीत हे जुनं दुखणं. एका प्रांताचा परवाना दुसऱ्यात न चालणं हेही त्यातलंच, आणि त्यावर २०२५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पानावर लिहिताना दराच्या खाली ‘दर सोडून काय अडतं?’ अशी एक ओळ ठेवा. विदर्भातल्या एमआयडीसीचा विषय असेल तर तिथे विजेचा दर येतो, बंदरापर्यंतचं भाडं येतं.

कधीकधी स्पर्धाक्षमता वाढवणारी सुधारणा लोकांना करवाढ वाटते. १९९१ पूर्वी कॅनडात कारखानदारांवर १३.५ टक्क्यांचा विक्रीकर होता. बिलावर दिसत नसे, पण निर्यातीच्या मालाच्या किमतीत मुरलेला असे. तो काढून ब्रायन मल्रोनी यांच्या सरकारने १ जानेवारी १९९१ पासून ७ टक्के जीएसटी आणला, ज्यात आधी भरलेला कर वजा मिळतो आणि निर्यात मोकळी राहते. हिशोबाने चांगला, पण प्रत्येक पावतीवर दिसणारा. १९९३ च्या निवडणुकीत मल्रोनींचा पक्ष दोन जागांवर आला. जीएसटी हे एकच कारण नव्हतं, पण मोठं होतं. पुढे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी जीएसटी २००६ मध्ये ६ आणि २००८ मध्ये ५ केला. लोकांना आवडलं, बऱ्याच अर्थतज्ज्ञांचं म्हणणं होतं की कमी करायचाच तर आयकर करा, वाढीला त्याचा जास्त उपयोग. आम्हालाही तेच पटतं, पण निवडणुकीत मतं मिळतात ती पावतीवर दिसणारा कर कमी केल्यावर.

चौथा रकाना: बिल कुणाकडे सरकलं

यासाठी तारखा क्रमाने लावायच्या. ‘नव्वदच्या दशकात कॅनडाने कर कापले आणि तूट संपली’ हे वाक्य घ्या आणि वहीत उतरवा.

फेब्रुवारी १९९५: अर्थमंत्री पॉल मार्टिन यांचं अंदाजपत्रक, खर्चात मोठी कपात. तेव्हा केंद्राच्या दर तीन डॉलर उत्पन्नातला जवळपास एक व्याजात जात होता. १९९७-९८: केंद्र शिलकीत. ऑक्टोबर २०००: पाच वर्षांसाठी १०० अब्ज डॉलरची करकपात जाहीर. म्हणजे खर्च आधी कापला, शिल्लक नंतर आली, कर सर्वांत शेवटी उतरला. वाक्य उलटं निघालं.

पण खर्च कापला म्हणजे नेमकं काय कापलं? त्यातला मोठा वाटा प्रांतांना आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याणासाठी जाणाऱ्या पैशाचा होता. कॅनडात दवाखाने प्रांत चालवतात. केंद्राची तूट अशी थोडी प्रांतांच्या वहीत गेली. ओंटारिओत १९९५ ला माइक हॅरिस निवडून आले, प्रांताच्या आयकरात ३० टक्के कपातीचं वचन देऊन. त्यांच्या काळात दवाखाने बंद झाले, एकत्र झाले, आणि १९९८ पासून सामाजिक घरकुलं, शहर वाहतूक असे खर्च नगरपालिकांकडे ढकलले गेले. नगरपालिकेकडे मुख्य साधन काय? मालमत्ता कर. ओटावातून निघालेलं बिल घरमालकाच्या दारात येऊन थांबलं.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. पथदिवे आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा असं २०२१ मध्ये ग्रामपंचायतींना सांगण्यात आलं, तेव्हा नालीला ठेवलेला पैसा विजेत गेला. म्हणून कोणत्याही करकपातीनंतर ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक, म्हणजे नमुना १, ग्रामसभेत मागा. दोन वर्षांचे नमुने शेजारी ठेवा. वरून येणारं अनुदान घटलं का, घरटॅक्सची मागणी वाढली का, एवढ्या दोन ओळी बघितल्या तरी पुरे. तुमच्या घराची आकारणी नमुना ८ मध्ये असते आणि चालू वर्षाची मागणी नमुना ९ मध्ये. मागताना नाव घेऊन मागा, नाहीतर नुसती पावती हातात देतात.

आयात शुल्क हाही करच

ही नोंद लोक विसरतात. कॅनडाच्या सस्कॅचेवानमध्ये पिकणारा पिवळा वाटाणा आपल्याकडे बेसनात आणि डाळीत हरभऱ्या-तुरीच्या जागी वापरला जातो. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने त्यावर ५० टक्के शुल्क लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये ते शून्यावर आणलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के केलं. शून्य केलं तेव्हा ती एक करकपातच होती. रकाने भरा: कर केंद्राचा, खिसा दाळमिलचा, बेसनवाल्याचा आणि काही अंशी शहरातल्या गिऱ्हाइकाचा, बिल अकोला-वाशिमच्या बाजार समितीत तूर घेऊन उभ्या असलेल्याच्या नावावर. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल आहे. बाजारातला भाव त्याच्या किती खाली ते रोज लिहून ठेवा, पण सगळं खापर वाटाण्यावर फोडू नका. त्या वर्षीचं देशातलं पीक, म्यानमार आणि आफ्रिकेतून आलेली तूर, मालातला ओलावा हेही भावात असतं. कापसाचंही तसंच: ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ माफ होतं, म्हणजे आपल्या पहिल्या वेचणीच्या ऐन दिवसांत. गिरणीला दिलासा, चुकाऱ्यात घट.

तपासायचं कुठे आणि कधी

कॅनडाचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिल ते ३१ मार्च. अंदाजपत्रक पूर्वी वसंतात येई, आता ते शरद ऋतूत आणायचं ठरलंय. अर्थ खात्याचा आकडा आणि संसदेच्या अंदाजपत्रक अधिकाऱ्याचा आकडा, दोन्ही घ्या. हे स्वतंत्र कार्यालय पक्षांच्या वचनांचाही खर्च मोजून देतं आणि त्याचे अहवाल फुकट वाचायला मिळतात. दोन आकड्यांत फरक असेल तर आधी ‘जास्तीत जास्त’ आणि ‘सरासरी’ यांत गल्लत झाली का ते पाहा. ४२० हा कमाल आकडा आहे, सरासरी त्याहून कमी असते.

मतदानाचे आकडेही वाचताना जपा. तिथे अंदाजपत्रक पडलं की सरकार पडतं. १९७९ च्या डिसेंबरात पंतप्रधान जो क्लार्क यांचं सरकार पेट्रोलवर गॅलनमागे १८ सेंटच्या करवाढीच्या अंदाजपत्रकावर १३९ विरुद्ध १३३ ने गेलं. नोव्हेंबर २०२५ चं अंदाजपत्रक १७० विरुद्ध १६८ ने निभावलं. अशा मतदानात ‘बाजूने’ मत देणाऱ्याला ती करकपात पटलीच असं धरू नका. पुष्कळांना फक्त निवडणूक नको असते.

आणि अंदाजपत्रक म्हणजे अंदाज. प्रत्यक्ष झालेला खर्च वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी हिशोबपत्रांत येतो. तोवर दुसऱ्या रकान्यातला आकडा पेन्सिलने लिहा.